संगणकाची चूक कशी शोधावी?



सोलापुरांत चादर नसलेलें घर शोधून सांपडावयाचें नाहीं. आज रात्रीं अंथरुणें घालतांना आपल्या घरांतील एखादी चादर दिव्याखालीं उलगडून पाहावी. तिच्यावरील फुलें, मोर, चौकटी आणि किनार हीं वरून छापलेलीं नसतात. विणतांनाच तीं कापडांत उतरलेलीं असतात. मागाच्या डोक्यावर जकार्ड नांवाचें एक साधन बसविलेलें असतें. त्यांत भोकें पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांची एक लांब माळ फिरत असे. पत्त्यावर जेथें भोक असेल तेथला उभा धागा वर उचलला जाई, जेथें भोक नसेल तेथला धागा खालींच राही, आणि मधून धोटा निघून जाई. एका पत्त्याची आज्ञा संपली कीं दुसरा पत्ता पुढें येई. अलीकडे पुष्कळ मागांवर पुठ्ठ्याची जागा विजेच्या साधनांनीं घेतली आहे. परंतु आज्ञा देण्याची रीत तीच राहिली आहे.

फ्रान्समधील लियाँ येथील जोसेफ मारी जाकार यानें १८०४ च्या सुमारास हें साधन सिद्ध केलें. पुढें इंग्लंडांत चार्ल्स बॅबेज यानें आपल्या गणितयंत्राच्या आराखड्यांत हेच पत्ते घेतले. ॲडा लव्हलेस या विदुषीनें १८४३ सालीं त्या यंत्रावर टिपणें लिहून, गणिताच्या आज्ञा क्रमवार कशा मांडाव्या हें दाखविलें. आणि अमेरिकेच्या १८९० च्या खानेसुमारींत हर्मन हॉलेरिथ याच्या यंत्रांनीं भोकांच्या पत्त्यांवरूनच माणसें मोजलीं. म्हणजे आज आपलीं मुलें जिला प्रोग्राम किंवा आज्ञावली म्हणतात, तिचें कुळ मागावरच्या पत्त्यांशीं जाऊन मिळतें. ज्या शहरानें असे माग पिढ्यान्‌पिढ्या चालविले, त्याला संगणक हा अगदींच परका पाहुणा नव्हे.

परंतु आज मला बोलावयाचें आहे तें संगणकाच्या थोरवीविषयीं नव्हे, त्याच्या चुकांविषयीं. पुष्कळ घरांत आतां कोणी आंकड्यांचें पृथक्करण शिकत असतें, कोणी मोबाईलवरील ॲप तयार करीत असतें. मुलगा किंवा मुलगी रात्रीं उशिरांपर्यंत पडद्याकडे पाहत बसते, आणि विचारलें तर "चूक सांपडत नाहीं" एवढेंच उत्तर मिळतें. ही चूक म्हणजे काय, ती कोठें दडते आणि शोधावी कशी, हें घरांतील वडील मंडळींनाही समजण्यासारखें आहे. कारण त्या कामाला संगणकाच्या भाषेपेक्षां विचाराची शिस्त अधिक लागते.

पहिला धडा विणकराचाच घ्यावा. कापडांत दोष दिसला म्हणून जाणता विणकर लागलीच माग खोलूं लागत नाहीं. तो आधीं दोषाची चाल पाहतो. दोष कापडाच्या लांबीभर रेघेसारखा गेला असेल, तर ताण्याचा उभा धागा बिघडला आहे. एकाच जागीं आडवा पट्टा उमटला असेल, तर बाणा चुकला आहे. आणि नक्षीच्या प्रत्येक आवृत्तींत, त्याच फुलाच्या त्याच पाकळीवर दोष येत असेल, तर एखादा पत्ता चुकीचा आहे. दोषाचें स्वरूप हेंच त्याच्या स्थानाची खूण असतें. आज्ञावलींतील दोषासंबंधींही पहिला प्रश्न हाच विचारावा: चूक नेहमीं होते कीं केव्हां केव्हां? सर्व नोंदींत होते कीं कांहींत? कांहींत होत असेल, तर त्या नोंदींत समान असें काय आहे?

संगणकाच्या चुकांना इंग्रजींत 'बग' म्हणजे किडा म्हणतात. यंत्रांतील दोषाला हें नांव एडिसनच्या काळापासून होतें. परंतु ९ सप्टेंबर १९४७ रोजीं अमेरिकेंतील हार्वर्ड येथल्या एका गणकयंत्रांत खराखुराच एक पतंग अडकलेला सांपडला आणि तो तेथल्या रोजनिशींत चिकटवून ठेवण्यांत आला. असे खरे किडे क्वचितच. बाकीच्या चुकांचे तीन वर्ग करतां येतात. पहिल्या वर्गांत आज्ञाच अशुद्ध लिहिलेली असते. यंत्र ती नाकारतें आणि कोणत्या ओळींत अडलें तें सांगतें. दुसऱ्या वर्गांत काम सुरू होतें, पण मध्येंच थांबतें. तिसऱ्या वर्गांत काम सुरळीत पार पडतें, उत्तर नीटनेटकें छापून येतें, आणि तें चुकीचें असतें. पहिल्या दोहोंनीं विद्यार्थी घाबरतो. पण खरें भय तिसऱ्याचें. ओरडणारी चूक ही आपली मैत्रीण समजावी; गप्प बसणारी चूकच घात करते. ही गप्प चूक बहुधा यंत्राची नसते. आंकड्याचा अर्थ आपण विचारलेला नसतो, किंवा आपल्याला ठाऊक असूनही यंत्राला सांगितलेला नसतो. हें सोलापूरच्या कांहीं उदाहरणांनीं दाखवितों.

पहिलें उदाहरण उजनीचें. भीमेवरील हें धरण १९८० च्या सुमारास पुरें झालें, आणि सोलापूर शहराचें पिण्याचें पाणी व जिल्ह्यांतील ऊस मुख्यतः त्याच्यावर अवलंबून आहेत. उन्हाळ्यांत आपण वृत्तपत्रांत वाचतों कीं उजनीचा सांठा 'उणें' इतके टक्के झाला. परगांवच्या माणसाला याचें नवल वाटतें: पाणी शून्यापेक्षां कमी कसें होईल? त्याचा उलगडा असा. धरणांत एकूण सुमारे ११७ टी. एम. सी., म्हणजे ११७ अब्ज घनफूट पाणी मावतें. त्यांपैकीं सुमारे ६३.६६ हा तळाचा मृत सांठा आणि सुमारे ५३.५७ हा उपयुक्त सांठा. टक्केवारी काढावयाची ती उपयुक्त सांठ्यावर. धरणांत ६० टी. एम. सी. पाणी उरलें, तर तें मृत सांठ्याच्या पातळीखालीं ३.६६ नें गेलें; म्हणून सांठा उणें सुमारे ७ टक्के. परंतु त्याच पाण्याचें एकूण क्षमतेशीं प्रमाण काढलें, तर तें सुमारे ५१ टक्के येतें. पाणी तेंच, गणित दोन्ही वेळां बिनचूक, आणि उत्तरें मात्र उणें ७ आणि अधिक ५१!

आतां एखादा हुशार विद्यार्थी, ज्यानें उजनी कधीं पाहिली नाहीं, धरणाच्या आंकड्यांचें पृथक्करण करावयास बसतो. पुस्तकांत त्यानें वाचलेलें असतें कीं टक्केवारी शून्य ते शंभर यांमध्यें असावी. बाहेरचे आंकडे चुकीचे समजून गाळावे. तो तशी आज्ञा लिहितो. समजा, उन्हाळ्यांतील पांच नोंदी १२, ५, उणें ३, उणें १० आणि उणें १९ अशा आहेत. हे आंकडे केवळ उदाहरणासाठीं घेतले आहेत. त्यांची सरासरी उणें ३ येते. परंतु त्याच्या आज्ञेनें शेवटच्या तीन नोंदी गळतात, आणि सरासरी ८.५ होते. जे दिवस सर्वांत बिकट होते तेच हिशेबांतून नाहींसे झाले, आणि टंचाईच्या जागीं पाणी दिसूं लागलें! पावसाळ्यांत उलट प्रकार होतो: पुराचें पाणी अडविल्यावर उजनीचा सांठा शंभराच्या वर, ११० टक्क्यांच्या आसपास जातो, त्याही नोंदी गळतात. यंत्रानें येथें कांहींएक चूक केली नाहीं. त्याला जें सांगितलें तेंच त्यानें केलें. म्हणून नियम असा: आंकडा गाळण्यापूर्वीं तो असा कां, हें त्या विषयाच्या जाणकाराला विचारावें, आणि गाळलाच तर किती गाळले व कां, हें उत्तराबरोबर लिहून ठेवावें.

दुसरें उदाहरण पावसाचें. आपल्या अवर्षणप्रवण जिल्ह्यांत पावसाच्या प्रत्येक नोंदीला मोल आहे. समजा, एका आठवड्याच्या तक्त्यांत ०, १२, रिकामें, ०, ३, रिकामें, ५ अशा मिलिमीटरच्या नोंदी आहेत. रिकाम्या घराचा अर्थ काय? पाऊस पडला नाहीं, कीं त्या दिवशीं मोजला नाहीं? रिकामें म्हणजे शून्य धरलें तर रोजची सरासरी २० भागिले ७, म्हणजे सुमारे २.९ येते. मोजलें नाहीं असें धरून तीं घरें वगळलीं तर २० भागिले ५, म्हणजे ४ येते. कांहीं तक्त्यांत 'नोंद नाहीं' हें दाखविण्यासाठीं उणें ९९९ असा संकेताचा आंकडा घालतात. तो कोणी खरा समजून मिळविला तर सरासरी उणें २८२ च्याही खालीं जाते. हें शेवटचें उत्तर इतकें हास्यास्पद आहे कीं तें लागलीच पकडलें जातें. पण २.९ आणि ४ हीं दोन्ही सारखींच शहाणीं दिसतात, आणि त्यांतील एक खोटें आहे. पीक करपलें कीं तगलें याचा निवाडा अशा तक्त्यांवरून व्हावयाचा असेल, तर हा फरक थोडा नव्हे. शून्य आणि अज्ञात या दोन वस्तु निराळ्या आहेत, हें पृथक्करणाचें पहिलें पाऊल होय.

त्यांतच आणखी एक खोंच आहे. आपल्या देशांत दिवसाचा पाऊस सकाळीं साडेआठ वाजतां मोजतात आणि मोजणीच्या तारखेवर लिहितात. सोमवारीं संध्याकाळीं कोसळलेली सर त्यामुळें मंगळवारच्या रकान्यांत सांपडते. हें ठाऊक नसेल, तर पावसाचा तक्ता आणि सोमवारच्या नाल्याच्या पुराची नोंद जुळत नाहीं, आणि विद्यार्थी आपल्या आज्ञावलींत नसलेली चूक शोधीत बसतो.

तिसरें उदाहरण नांवांचें. इंग्रजी अमदानींतील कागदपत्रांत आपल्या गांवाचें स्पेलिंग 'शोलापूर' असें होतें. आतां तें 'सोलापूर' आहे. शेजारचा उस्मानाबाद जिल्हा २०२३ सालीं धाराशिव झाला, आणि अहमदनगर २०२४ सालीं अहिल्यानगर झालें. मनुष्याला हें सांगावें लागत नाहीं. यंत्राला मात्र हीं सहा निरनिराळीं स्थळें वाटतात. जुना तक्ता आणि नवा तक्ता जिल्ह्याच्या नांवावरून एकमेकांस जोडावयास सांगितलें, तर ज्यांचीं नांवें जुळत नाहींत ते जिल्हे मुकाट्यानें गळून पडतात. यावर उपाय दोन. नांवाऐवजीं क्रमांकानें जोडावें. उदाहरणार्थ, २०११ च्या जनगणनेंत सोलापूर जिल्ह्याचा क्रमांक ५२६ आहे, आणि स्पेलिंग बदललें तरी तो बदलत नाहीं. आणि जोडण्यापूर्वीं व नंतर ओळी मोजाव्या. आपल्या जिल्ह्यांत तालुके ११. जोडणीनंतर १० उरले तर एक हरवला, आणि १२ झाले तर एक दोनदां आला. शाळेच्या सहलींत मुलें मोजतात तशी ही मोजणी आहे, आणि तितकीच ती आवश्यक आहे.

माणसांच्या नांवांत ही अडचण अधिक नाजूक होते. सोलापुरांत मराठी, कन्नड, तेलुगु आणि उर्दू बोलणारीं घरें एका गल्लींत नांदतात. एकच आडनांव शाळेच्या दाखल्यावर एका तऱ्हेनें, शिधापत्रिकेवर दुसऱ्या तऱ्हेनें आणि बँकेंत इंग्रजींतून तिसऱ्या तऱ्हेनें लिहिलें जातें. दोन याद्या अक्षरशः जुळल्या तरच नांव ग्राह्य, अशी आज्ञा कोणी लिहिली, तर एखाद्या वृद्ध विणकर बाईचें नांव यादींतून निघून जाईल, आणि तिला कारण कोणी सांगणार नाहीं; कारण पडद्यावर चूक म्हणून कांहींच दिसलेलें नसेल. न जुळलेल्या नांवांची वेगळी यादी काढून ती मनुष्याच्या डोळ्यांखालून घालणें, एवढी एक ओळ आज्ञावलींत वाढविली तर हा अन्याय टळतो.

येथें देवनागरी लिपीचाही एक विशेष सांगितला पाहिजे. 'सोलापूर' या शब्दांत अक्षरें किती? आपण म्हणूं चार: सो, ला, पू, र. परंतु युनिकोड या पद्धतींत काना, मात्रा, उकार हीं स्वतंत्र चिन्हें मोजतात. म्हणून यंत्राला तेथें सात चिन्हें दिसतात. आणि सांठविण्याच्या रूढ पद्धतींत प्रत्येक चिन्हाला तीन बाईट लागत असल्यानें जागा लागते एकवीस बाईट. ॲपच्या कर्त्यानें नांवासाठीं वीस बाईटांची मर्यादा घातली, तर इंग्रजी नांवें सुखानें बसतील आणि चार अक्षरी सोलापूर मात्र कापलें जाईल. तसेंच 'ऱ' हें अक्षर एका चिन्हानेंही लिहितां येतें आणि साधा 'र' व नुक्ता अशा दोन चिन्हांनींही. डोळ्यांना दोन्ही सारखीं, यंत्राला निराळीं. तुलना करण्यापूर्वीं सर्व मजकूर एकाच रूपांत आणावा, हा त्यावरचा उपाय. मराठी आंकड्यांचेंही असेंच आहे: '५२६' ही मजकूर म्हणून दिलेली संख्या पायथन ही भाषा वाचते, जावास्क्रिप्ट मात्र ती संख्याच नव्हे असें म्हणते. आणि जनगणनेंतील जिल्ह्याची ४३,१७,७५६ ही लोकसंख्या, स्वल्पविरामानें रकाने पाडणाऱ्या फाइलींत तशीच लिहिली, तर एका संख्येचे तीन रकाने होतात.

आतां तारखेचें पाहूं. सोलापूरचे चार हुतात्मे मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्यास फांशी देण्यांत आलें. ही तारीख आपण १२/०१/१९३१ अशी लिहितों. अमेरिकन रीतीप्रमाणें महिना आधीं वाचणारें यंत्र ती १ डिसेंबर १९३१ अशी वाचील, आणि हूं कीं चूं करणार नाहीं. १३ जानेवारी लिहिली असती तर तेरावा महिना नसल्यामुळें यंत्र अडखळलें असतें आणि चूक उघडी पडली असती. याचा अर्थ असा कीं महिन्याच्या पहिल्या बारा तारखांनाच हा धोका आहे. त्यांतून १ जानेवारी, २ फेब्रुवारी अशा बारा तारखा दोन्ही रीतींनीं एकच असल्यामुळें सुटतात. बारा गुणिले बारा, वजा बारा: वर्षांतील १३२ दिवस गुपचूप उलटे होऊं शकतात. म्हणून सांठवितांना वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे १९३१-०१-१२ असा आंतरराष्ट्रीय क्रम ठेवावा, आणि माणसाला दाखवितांना त्याच्या सवयीचा क्रम द्यावा.

येथवर आंकड्यांच्या पृथक्करणाच्या गोष्टी झाल्या. ॲप बनविणाऱ्याला आणखी दोन-तीन अडचणी हटकून भेटतात. पहिली वेळेची. दूरच्या ठिकाणीं असलेला संगणक बहुधा जागतिक प्रमाणवेळ वापरतो. ती आपल्या वेळेच्या साडेपांच तास मागें असते. यंत्रमागावरील रात्रपाळीच्या कामगारानें १ तारखेच्या पहांटे दोन वाजतां कामाची नोंद केली, तर त्या संगणकाच्या मतें आदल्या महिन्याच्या शेवटच्या तारखेचे रात्रींचे साडेआठ वाजलेले असतात. नोंद आदल्या दिवसावर जाते, आदल्या महिन्यावर जाते, आणि मजुरीच्या हिशेबांत तंटा उभा राहतो. या चुकीची चाल ओळखण्यासारखी आहे: मध्यरात्रीपासून साडेपांचपर्यंतच्याच नोंदी बिघडतात, दिवसाच्या बिघडत नाहींत. चाल ओळखली कीं कारण सांपडलें.

दुसरी अडचण पैशाची. संगणक दोनच चिन्हांनीं गणित करतो. दशांशांत एक तृतीयांश जसा कधीं संपत नाहीं, तसा त्याच्या पद्धतींत एक दशांश संपत नाहीं; तो कोठेंतरी तोडावा लागतो. म्हणून पुष्कळ भाषांत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ न येतां सतराव्या दशांश स्थळीं एक ४ उगवतो. एका बेरजेंत हें क्षुल्लक. परंतु दोन रकमा समान आहेत का, असें विचारलें तर यंत्र नाहीं म्हणतें. उपाय जुन्या पेढीवाल्यांना सुचला असता तोच: हिशेब पूर्णांक पैशांत ठेवावा आणि रुपये केवळ दाखविण्यापुरते करावे.

तिसरी अडचण तुटणाऱ्या संपर्काची. खेड्यांत किंवा धांवत्या गाडींत मनुष्य पैसे पाठविण्याचें बटण दाबतो. पडदा तसाच राहतो. तो पुन्हां दाबतो. पहिली आज्ञा पोंचली होती, केवळ तिचें उत्तर परत आलें नव्हतें. अशा वेळीं पैसे दोनदां जातील काय? ॲप नीट लिहिलेलें असेल तर जाणार नाहींत. प्रत्येक व्यवहाराला आरंभींच एक स्वतंत्र क्रमांक द्यावा. तोच क्रमांक पुन्हां आला तर पलीकडच्या संगणकानें नवा व्यवहार न करतां आधींच्या व्यवहाराचें उत्तर तेवढें पुन्हां पाठवावें. जें ॲप कर्त्याच्या टेबलावर, उत्तम संपर्क असतांनाच तपासलें गेलें, तें तपासलेंच नाहीं असें समजावें.

हीं झालीं नित्याचीं संकटें. नवें संकट आलें असतां काय करावें, याची रीत आतां थोडक्यांत सांगतों.

प्रथम यंत्रानें दिलेला संदेश शांतपणें शेवटपर्यंत वाचावा. त्यांत ओळीचा क्रमांक बहुधा असतो, आणि घाबरलेला विद्यार्थी नेमका तोच वाचीत नाहीं. दुसरें, चूक हुकमी घडवून आणतां आली पाहिजे. जी पुन्हां घडवितां येत नाहीं ती गेली कीं राहिली हेंही कळत नाहीं. तिसरें, प्रश्न लहान करावा. लाख ओळींच्या तक्त्यांत चूक आहे ना? मग अर्ध्याच ओळी देऊन पाहाव्या. चूक राहिली तर याच अर्ध्यांत आहे. नाहींशी झाली तर दुसऱ्या अर्ध्यांत पाहावें. एकाच ओळींत दोष असेल, तर अशा निमेनिम करण्यानें १,०२४ ओळींतील दोषी ओळ दहा खेपांत सांपडते. चौथें, एका वेळीं एकच बदल करावा. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि काम चालूं लागलें, तर कोणत्या बदलानें चाललें हें कळत नाहीं. पांचवें, पांच ओळींचा हिशेब कागदावर हातानें करून यंत्राच्या उत्तराशीं ताडून पाहावा. आणि सहावें, चूक सांपडली कीं तिची परीक्षा करणारी एक लहानशी आज्ञा कायमची लिहून ठेवावी, म्हणजे तीच चूक पुन्हां शिरली तर लागलीच ओरड होईल.

यांत घरच्या मंडळींनाही एक काम आहे. अडलेल्या मुलाला किंवा मुलीला म्हणावें, "तुझी आज्ञावली काय करते तें मला पहिल्यापासून सांग पाहूं." आपल्याला त्यांतलें कांहीं कळलें नाहीं तरी चालेल. दुसऱ्याला समजावून सांगतांना मनुष्य जी पायरी गाळतो, बहुधा तेथेंच चूक असते, आणि सांगतां सांगतांच ती त्याला दिसते.

कोणी म्हणतील, आतां तर साध्या भाषेंत विचारलें कीं आज्ञावली लिहून देणारीं कृत्रिम बुद्धीचीं साधनें निघालीं आहेत. मग ही यातायात कशाला? तीं साधनें उपयोगी आहेत, आणि पहिल्या वर्गाच्या चुका तीं चुटकीसरशीं काढतात. परंतु उजनीचे टक्के उणें असतात हें आपण सांगितलें नाहीं, तर तींही शून्याखालचे आंकडे गाळण्याची आज्ञा सुबकपणें लिहून देतील. लिहिणें सोपें झालें म्हणून तपासणें सुटलें नाहीं; उलट दुसऱ्यानें लिहिलेलें तपासावयाचें, म्हणून त्याला अधिकच सावधपणा हवा.

संगणकाचें काम म्हणजे पुण्या-मुंबईचें काम, अशी समजूत आपल्याकडे आहे. नोकऱ्यांपुरती ती खरी असेल. परंतु धरणाचें उणें पाणी, पावसाचें रिकामें घर, चार भाषांतील एकच आडनांव आणि रात्रपाळीची पहांट हीं ज्याला जन्मापासून ठाऊक आहेत, त्याच्याजवळ या विद्येचें अर्धें भांडवल आधींच आहे. संगणकाची भाषा त्याला वर्षा-दोन वर्षांत शिकतां येईल. आपल्या मुलांनीं ती अवश्य शिकावी. आणि शिकत असतांना उजनीवर, मागावर आणि शेताच्या बांधावरही जाऊन यावें, म्हणजे जो आंकडा तीं यंत्राला देणार तो कोठून आला हें त्यांनीं एकदां डोळ्यांनीं पाहिलेलें असेल.